पट्टी वाशीहून येते

कोकणाच्या विकासाविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक भविष्यकाळात असते. कोकणाचा कॅलिफोर्निया होणार, बंदर येणार, महामार्ग पूर्ण होणार, तरुणांना गावातच काम मिळणार. माझी नोकरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत, एका बँकेच्या कर्ज विभागात झाली, आणि कर्जाच्या फायलीत भविष्यकाळाला फारशी जागा नसते. तिथे कलमांची संख्या असते, होडीच्या इंजिनाची अश्वशक्ती असते, काजूच्या युनिटचे वीजबिल असते, पर्यटकांसाठी वरच्या मजल्यावर काढायच्या दोन खोल्यांचा नकाशा असतो. या फायली वाचता वाचता एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. या किनारपट्टीत जे काही तयार होते, ते पुरते तयार होण्याआधीच इथून निघून जाते. आंबा कच्चा जातो, काजूची बी कच्ची जाते, मासळी बर्फात घालून जाते आणि बारावी झालेला मुलगाही मुंबईची गाडी पकडतो. त्यांचा भाव दुसरीकडे कुठेतरी ठरतो.

याचा पुरावा जनगणनेतच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. हे आकडे स्त्रियांच्या सुस्थितीचे म्हणून कुणी सांगू लागले तर त्याला हसावे लागेल, कारण ते पुरुष घराबाहेर असण्याचे आकडे आहेत. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर चालणारी घरे ही इथली जुनी व्यवस्था होती. १९८२ च्या गिरणी संपाने तिचा कणा मोडला, तरी सवय राहिली, आणि आता त्याच सवयीने पैसा थेट खात्यात जमा होतो. आमच्या शाखेत ठेवी भरपूर असत आणि कर्जे त्या मानाने तोकडी. वरिष्ठ कार्यालयातून दर तिमाहीला ठेवींच्या तुलनेत कर्जे कमी का, अशी विचारणा येई, आणि आम्ही ठरलेली कारणे लिहून पाठवत असू. म्हणजे गावात साठलेला पैसासुद्धा दुसऱ्या कुठल्या तरी शहरातल्या उद्योगाला कर्जाऊ जाऊन तिथे कामाला लागत होता. आंबा, काजू आणि माणसे यांच्याबरोबर भांडवलही कच्चेच बाहेर पडत होते.

आंब्यापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण कोकणातली बरीचशी शेतीकर्जे कलमांवर असतात. १९९० मध्ये राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली आणि त्यानंतर कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरून माती आणून हजारो हेक्टरांवर हापूस आणि काजू उभा राहिला. सरकारी योजनेतून भूप्रदेशाचे रूप पालटल्याची अशी दुसरी उदाहरणे महाराष्ट्रात थोडीच असतील. लागवडीचा प्रश्न त्या योजनेने सोडवला, पुढचा तसाच राहिला. हापूसचे अर्थकारण पूर्वीपासून ज्या पद्धतीने चालते त्यात बागायतदार हंगामाआधी दलालाकडून उचल घेतो, त्या पैशात फवारण्या होतात, राखणीला माणसे ठेवली जातात, आणि मग पेट्या वाशीला, नवी मुंबईच्या घाऊक बाजारात, जातात. काही दिवसांनी तिकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येते. कर्जाच्या कामानिमित्त अशा पट्ट्या माझ्यासमोर नेहमी येत. वर पेट्यांची संख्या आणि प्रत्येक वक्कलाचा, म्हणजे प्रतवारीच्या ढिगाचा, दर, खाली गाडीभाडे, हमाली, वाराई, वजावट झालेली उचल, आणि सर्वांत शेवटी एक रक्कम. तो दर लिहिताना बागायतदाराला कुणी काही विचारलेले नसते. आपल्या पेटीचा भाव त्याला कळतो तेव्हा तो आंबा एखाद्याच्या घरी खाऊनही झालेला असतो. २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, ही चांगलीच गोष्ट झाली; पण ज्याने ऑक्टोबरात उचल घेतली आहे त्याला एप्रिलमध्ये दुसऱ्या दाराने माल विकण्याची मोकळीक कागदावरच राहते.

शिवाय हे पीक आता पूर्वीसारखे अंदाजात येत नाही. पाऊस लांबून नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की मोहोराऐवजी पालवी फुटते. थंडी उशिरा आणि जास्त पडली तर कणी धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळे गळतात. तुडतुड्यांच्या जोडीला फुलकिड्यांनी गेली काही वर्षे असा मुक्काम ठोकला आहे की औषधांचा खर्च हीच बागेची मोठी बाब झाली आहे. म्हणून अनेक मालक कलमे कराराने देऊन मोकळे होतात. करारदार तीन-चार वर्षांचाच विचार करतो; तो कल्टार घालून कलमांना लवकर मोहोर आणतो, उत्पन्न काढतो आणि बाग सोडून जातो, आणि पुढे थकलेल्या कलमांवर पुनरुज्जीवनाचे कर्ज मागायला मालक आमच्याकडे येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, म्हणजे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाच्या विद्यापीठाने, दरवर्षी न चुकता धरणारी आणि साका, म्हणजे गरातला पांढरट बिघाड, नसलेली 'रत्ना' किंवा बाठा अगदी पातळ असलेली 'सिंधू' अशा जाती दिल्या आहेत. पण हापूस या नावाला जो भाव आहे तो त्यांना नाही, आणि बागायतदार भावाकडे पाहून लागवड करतो यात त्याचा दोष नाही.

त्या नावाच्या रक्षणासाठी २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळाल्याने आपोआप काही होत नाही, कारण कर्नाटकातून आलेल्या फळाला देवगडच्या पेटीत बसवायला फक्त पेटी लागते. म्हणून २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र ओळख क्रमांकाचे लेबल लावण्याचा जो उपक्रम सुरू केला, तो मला मानांकनाच्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाचा वाटतो. निर्यातीचेही तसेच आहे. मे २०१४ मध्ये फळमाशी सापडल्याने युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले आणि पुढच्या हंगामापूर्वी ते उघडले. दरम्यान उष्णजल प्रक्रिया, म्हणजे ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर फळ ठेवण्याची पद्धत, रुळली. अमेरिकेसाठी २००७ मध्ये बाजार खुला झाला तेव्हा किरणोत्सर्गाची प्रक्रिया करायला रत्नागिरीचा आंबा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला, कांद्याच्या गावी, पाठवावा लागे. किनाऱ्यावरचे फळ घाट चढून जाते आणि परत समुद्राकडे येऊन परदेशी रवाना होते, हा प्रवास कोकणाच्या अर्थव्यवस्थेचा नकाशाच म्हणायला हवा.

वाढीची जागा इथे कुठे आहे, असे कुणी विचारले तर मी मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्याकडे बोट दाखवीन. पाऊस तोंडावर येतो, वाशीत भाव पडतो, आणि उरलेला सारा आंबा कॅनिंगला किलोच्या भावाने जातो. तोच आंबा डबाबंद रस, पोळी, आमचूर अशा रूपांत गावातल्या लहान कारखान्यांतून बाहेर पडला तर त्याच कलमातून बागेला दुसरे उत्पन्न मिळते. असे कारखाने आहेत, चांगले चाललेले आहेत. पण त्यांची संख्या आंब्याच्या मानाने कमी आहे. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडल्यावर कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांना थेट पेट्या पोचवल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते गिऱ्हाईक पुढेही सोडले नाही, आणि त्यांच्या फायलींमध्ये मग पट्टीच्या जागी बँकेच्या खात्याचा उतारा येऊ लागला. कर्ज देणाऱ्याला यापेक्षा बरा कागद नको असतो.

समुद्राची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे लागवड करता येत नाही. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. उरलेल्या दहा महिन्यांत डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार आणि जाळ्याची दुरुस्ती भागवून बोटीचा हप्ता फेडायचा असतो. नौका वाढल्या, इंजिने मोठी झाली, आणि मासा तेवढाच राहिला किंवा घटला. मग मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची पर्ससीन आली, मग रात्री पाण्यात प्रखर दिवे सोडून मासळी गोळा करणारी एलईडी मासेमारी आली. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीन नौकांच्या संख्येवर आणि हंगामावर मर्यादा घातली, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा कडक झाला. तरी मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढणारा पारंपरिक मच्छीमार आणि खोल समुद्रातून आत शिरणारी मोठी नौका यांच्यातला संघर्ष दर हंगामात पेटतो. पापलेटाची पिल्ले इतकी धरली जाऊ लागली की सातपाटीच्या मच्छीमारांच्या आग्रहानंतर २०२३ मध्ये पापलेटाला राज्य मासा घोषित करावे लागले आणि अनेक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवावा लागला.

बोटीसाठी कर्ज मागायला येणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. तरी माझे मत असे झाले होते की कोकणाला आणखी बोटी नकोत. आहे त्या मासळीचे जास्त पैसे व्हायला हवेत. मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलरमधून उतरणाऱ्या मालात एका बाजूला सुरमई, सरंगा, कोळंबी वेगळी निघते, आणि दुसऱ्या बाजूला बारीक, चेंगरलेल्या, नाव सांगता न येणाऱ्या माशांचा ढीग पडतो. तो फिशमीलसाठी, म्हणजे पशुखाद्यात घालायच्या मासळीच्या भुकटीसाठी, कवडीमोलाने जातो, आणि त्या ढिगात उद्याची मोठी मासळीही असते. याच्या अगदी उलट उदाहरणही रत्नागिरीतच आहे. राणीमाशासारखी, स्थानिक ताटात फारसा मान नसलेली मासळी धुऊन, तिचा लगदा करून, सुरीमी म्हणून परदेशी पाठवणारा कारखाना इथे १९९० च्या दशकापासून चालतो. एका जिल्ह्यात स्वस्त म्हणून टाकलेली वस्तू दुसऱ्या देशात खेकड्याच्या मांसाची जागा घेते, हे तंत्रज्ञान आणि शीतसाखळी यांच्या जोरावर घडते. बर्फ वेळेवर आणि स्वच्छ मिळणे, लिलाव जमिनीवर न होता ओट्यावर होणे, जेटीवर गोडे पाणी असणे या गोष्टी कुठल्याही विकास आराखड्यात शेवटच्या पानावर असतात; प्रत्यक्षात मात्र मासळीचा दर्जा, आणि म्हणून भाव, त्यांच्यावरच ठरतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वीज आणि कर्ज यांचे दर शेतीप्रमाणे लागू झाले तर बर्फाच्या कारखान्याला आणि खाडीतल्या खेकडापालनाला त्याचा उपयोग व्हावा. तो केवळ आणखी मोठ्या इंजिनांत जिरला तर मात्र वाईट होईल.

आता मोठ्या प्रकल्पांविषयी, कारण कोकणाच्या उद्योगांविषयी बोलायचे आणि हा विषय टाळायचा, हे बरे दिसणार नाही. दाभोळचा वीजप्रकल्प १९९२ मध्ये ठरला, मध्ये रद्द झाला, पुन्हा सुरू झाला आणि २००१ मध्ये विजेच्या दरावरून बंद पडला. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो हाती घेतला. रत्नागिरीत येऊ घातलेला स्टरलाइटचा तांबे प्रकल्प १९९३ च्या आंदोलनानंतर तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला आणि तिथे २०१८ मध्ये गोळीबारात १३ माणसे मृत्युमुखी पडल्यावर बंद झाला. जैतापूरचा मुळात ९,९०० मेगावॉटचा म्हणून ठरलेला अणुप्रकल्प कागदावर आहे. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१९ मध्ये मागे घेतली गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये तोच वाद बारसूच्या सड्यावर, जिथे प्राचीन कातळशिल्पे आहेत, नव्याने उभा राहिला. उत्तरेला डहाणूजवळ वाढवण येथे ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध अजून मावळलेला नाही.

या सर्वांकडे पाहून 'कोकणी माणूस प्रत्येक गोष्टीला विरोध करतो' असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते म्हणणे आळशीपणाचे वाटते. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीनंतर दाभोळ खाडीतल्या मासेमारांचे काय झाले हे आसपासच्या गावांनी पाहिलेले आहे, आणि पाहिलेली गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकाने पुसली जात नाही. पण विरोध करणाऱ्यांचे सगळेच म्हणणे मला पटते असेही नाही. गावात नोकरी हवी म्हणून रिफायनरीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तरुणाला विकला गेलेला ठरवणे सोपे असते. त्याच्यासाठी दुसरे काय आहे, याचे उत्तर बहुधा सभेत कुणी देत नाही. माझी कसोटी कर्ज विभागातली आहे. प्रकल्पाची किंमत किती हे मी आधी पाहणार नाही. त्यातला किती पैसा पंचक्रोशीत फिरणार आहे, ते पाहीन. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबई यांसाठी जमिनी घेतल्या तेव्हा उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जो लढा दिला, ज्यात पाच जणांनी प्राण गमावले, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. म्हणजे वाटा मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितला तर धोरण बदलते. मग कंटेनर धुण्यापासून जहाजाच्या दुरुस्तीपर्यंतची कामे, मालाच्या साठवणुकीची गोदामे, खलाशांचे प्रशिक्षण यांत स्थानिकांना पुढे राहता येते की फक्त सुरक्षारक्षकाची जागा मिळते, हा प्रश्न बंदराच्या खोलीइतकाच महत्त्वाचा धरायला हवा.

पर्यटनाबद्दल थोडक्यात. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तारकर्लीला पाण्याखालचे जग पाहायला माणसे येतात, वेळासला कासवांची पिल्ले पाहायला येतात आणि गावातल्याच घरांत राहतात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. राहण्या-जेवण्याच्या खोल्यांसाठी घेतलेले कर्ज इतर कर्जांच्या मानाने नीट फिटते, हा माझा अनुभव आहे, आणि ते बहुधा घरातल्या बाईच्या हातात हिशेब असल्यामुळे फिटते. मात्र एप्रिल-मे हा पाहुण्यांचा हंगाम आणि तोच विहिरी आटण्याचा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात टँकर मागवावा लागतो, कारण जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडले जाणारे सुमारे ६७ टीएमसी पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, तेही वर्षानुवर्षे चर्चेतच आहे. न्याहारीच्या ताटाबरोबर पाण्याचा खर्च धरून दर ठरवणारी घरे मला क्वचितच दिसली.

या सर्व धंद्यांना आडवा येणारा एक कागद आहे आणि त्याची चर्चा विकास परिषदांत होत नाही. तो कागद म्हणजे सामायिक सातबारा. आजोबांच्या नावावरची जमीन तीन पिढ्यांत वाटणी न होता वारसांच्या नावावर चढत जाते. दोन एकर कातळ आणि त्यावर चाळीस नावे, असा उतारा माझ्यासमोर सहज येई. त्यात काही मयत असत, ज्यांच्या वारसांची नोंद राहिलेली असे. काही लग्न होऊन गेलेल्या आत्या. काही मुंबईत, काही बडोद्यात, एखादा परदेशात. ज्याला तिथे काजूचे युनिट काढायचे आहे तो खरोखर त्या जमिनीवर राहणारा, ती राखणारा असतो. त्याचा हिस्सा कायद्याने एक-बारांश वगैरे निघतो आणि गहाणखतावर सर्वांच्या सह्या लागतात. म्हणून कोकणातल्या कर्जप्रस्तावांना वेग येतो तो गणपतीत. पाच दिवस सगळे घरी असतात, आरती झाली की कागद पुढे सरकतो, आणि एखाद्या काकांचे मन दुखावलेले असेल तर प्रस्ताव पुढच्या भाद्रपदापर्यंत थांबतो. बाहेरचा गुंतवणूकदार मात्र वकील आणि दलाल लावून तेच चाळीस वारस शोधून काढतो, कारण त्याला तेवढा खर्च परवडतो. जमीन विकण्याला सह्या मिळतात, तारण ठेवण्याला मिळत नाहीत, ही इथली वस्तुस्थिती आहे. गावनिहाय शिबिरे घेऊन वाटण्या आणि वारसनोंदी कमी खर्चात पूर्ण करून दिल्या, तर ते काम एखाद्या औद्योगिक वसाहतीपेक्षा जास्त रोजगार देईल, असे मी गंभीरपणे म्हणते.

आणि आता काजू, ज्याच्याविषयी मला सर्वांत जास्त आशा आहे आणि सर्वांत जास्त चीडही. झाड पोर्तुगीजांनी आणले, सोळाव्या शतकात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या भरघोस बी देणाऱ्या जाती काढल्या, आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले. फेब्रुवारी ते मे या काळात बी गोळा होते. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो. बी वाफवायची, गार करायची, कटरवर एकेक बी फोडायची, गर ड्रायरमध्ये सुकवायचा, वरची तांबूस साल काढायची, आणि मग अख्खा, पाकळी, तुकडा अशी प्रतवारी करायची. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात इतका फरक असतो की कटरवर बसलेल्या बाईच्या मनगटावर युनिटचा नफा-तोटा ठरतो. टरफलातले तेल कातडी भाजून काढते म्हणून ती बोटांना खोबरेल लावून बसते. नवीन यंत्राच्या जाहिराती घेऊन येणारे प्रतिनिधी ताशी किती किलो हे सांगत. अख्खे किती राहतात, हे विचारल्यावर त्यांचा आवाज जरा उतरे. टरफलाचे तेल रंग आणि ब्रेक लायनिंगच्या उद्योगाला लागते, ते काढणारे कारखाने थोडे. आणि बीच्या कित्येक पट वजनाचे रसाळ बोंडू, म्हणजे बी ज्याच्या टोकाला लागते ते फळ, झाडाखाली कुजते. शेजारच्या गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते आणि तिला २००९ मध्ये मानांकन मिळालेले आहे. आपल्याकडे त्याचा रस, सरबत, अगदी झाले तर एखाद-दुसरा प्रयोग.

इतके सारे असताना युनिटे वर्षातले निम्मे महिने बंद का असतात? कुशल बायका आहेत, यंत्रे आहेत, गिऱ्हाईक आहे. उत्तर असे आहे की बी तीन-साडेतीन महिन्यांतच बाजारात येते आणि वर्षभर कारखाना चालवायचा तर ती तेव्हाच विकत घेऊन, उन्हात खडखडीत वाळवून साठवावी लागते. म्हणजे वर्षभराच्या कच्च्या मालाचे पैसे मे महिन्यापूर्वी हातात हवेत. लहान उद्योजकाकडे ते नसतात. तो आठ-दहा आठवड्यांची बी घेतो, ती संपली की बायकांना घरी बसवतो, आणि उरलेली बी मोठे व्यापारी उचलून घाटावर किंवा राज्याबाहेर नेतात. पुढे पावसाळ्यात त्याला बी हवी असेल तर आफ्रिकेतून आलेली घ्यावी लागते, कारण देशातल्या कारखान्यांची भूक देशातल्या उत्पादनाने भागत नाही. याच आयातीमुळे इथल्या शेतकऱ्याच्या बीचा भावही दबतो. २०२४ च्या हंगामासाठी राज्याने बीला किलोमागे १० रुपये अनुदान दिले. शेतकऱ्याला ते मिळाले हे बरेच झाले, पण त्याने बी कुठे फोडली जाते यात काही फरक पडला नाही. केंद्राची २०२० पासूनची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान देते. आणि ते यंत्रांसाठी असते. आमच्याकडे त्या प्रस्तावांची रांग लागे, कारण अनुदान दिसत असे. त्यातून गावोगाव ड्रायर आणि बॉयलर आले आणि ते जूनपासून झाकून ठेवले गेले.

हवे आहे ते खेळते भांडवल आणि गोदाम. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे आणि तिच्यात काजू बी व सुपारी यांचा समावेश आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की त्याच्या किमतीच्या ठरावीक हिश्श्याइतके कर्ज अल्प व्याजाने मिळते. योजना चांगली आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी कोरडे, उंदीर-ओल नसलेले, मोजमापाची सोय असलेले गोदाम असेल तिथेच ती चालते. कोकणच्या पावसाळ्यात तशी इमारत उभी करणे आणि टिकवणे हे खर्चाचे काम आहे, आणि माझ्या मते राज्याच्या काजू मंडळाने दुसरे काहीही हाती घेण्यापूर्वी ते घ्यावे. बँकांकडून होण्यासारखी गोष्ट त्याहून सोपी आहे. काजू युनिटची कर्जमर्यादा बहुधा इतर उद्योगांच्या वेळापत्रकाने, म्हणजे मार्चअखेरचा ताळेबंद आल्यावर, नूतनीकरणाला येते. कागदपत्रे, तपासणी, वरिष्ठांची मंजुरी यांत मे उजाडतो. तोपर्यंत बी ट्रकांत भरून आंबोली आणि फोंडा घाट चढून गेलेली असते, आणि मंजूर झालेली मर्यादा वापरायला मालच नसतो. हीच मर्यादा जानेवारीत मंजूर झाली, तर पहिली बी पडल्याबरोबर युनिटवाला शेतकऱ्याच्या अंगणात रोख पैसे घेऊन उभा राहू शकतो, आणि त्याच्या कटरवरच्या बायकांना दिवाळीपर्यंत काम राहते.